कबऱ्या ऐकतोय तोवर

मी विशेष शिक्षिका आहे असं सांगितलं की लोक आधी मला वरपासून खालपर्यंत बघतात. विशेष काही दिसत नाही म्हणून त्यांची निराशा होते. मग मी समजावते, की विशेष मी नाही. ज्या मुलांना वाचायला-लिहायला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं, त्यांच्यासाठी मी शाळाशाळांतून फिरते. "म्हणजे ढ पोरांच्या बाई," असं म्हणून लोक मोकळे होतात. इथे माझं डोकं फिरतं आणि ओळख तिथेच संपते.

पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडच्या काही शाळा माझ्याकडे आहेत. मी स्कूटीवरून फिरते. नव्या गाड्यांचे दिवे दिवसाही चालू असतात. माझ्या गाडीचा दिवा बटण दाबल्यावर लागतो, तोही तिची मर्जी असेल तर. या शाळांतली खडकमाळची शाळा सगळ्यात टोकाला. दोन खोल्या, एक खिचडीची खोली, पाण्याची टाकी आणि गर्जे सर नावाचे मुख्याध्यापक. दसरा झाला की वस्तीवर ट्रक येतो आणि निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. आईबापांबरोबर पोरंही जातात. फडावर गेलेलं पोर उन्हाळ्यात परत येतं तेव्हा मी शिकवलेलं सगळं तिकडेच कुठेतरी पाचटात सांडून आलेलं असतं, आणि मी पुन्हा 'क'पासून सुरुवात करते.

जया तेव्हा तिसरीत होती. घरचे फडावर गेले की ती आजीआजोबांपाशी वस्तीवरच राहायची. डोकं एकदम तल्लख. वस्तीवरच्या कुठल्या शेळीची आजी कोण, हे तिला तोंडपाठ. पण पुस्तक उघडलं की तिच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागा सोडायची. दुसरीत असताना ती वर्गासमोर वाचायला उभी राहिली, अडली, आणि सगळी पोरं हसली. तेव्हापासून तिने माणसासमोर एक अक्षर मोठ्याने वाचलं नव्हतं. मी तिला वाळूत अक्षरं गिरवायला लावली, ओळीखाली रंगीत पट्टी धरायला शिकवली, अक्षरांची कार्डं करून आणली. मी सांगितलेलं कार्ड ती बरोबर उचलून द्यायची. पण वाच म्हटलं की ओठ घट्ट. मी वर्षभर त्या बंद ओठांकडे बघत बसले होते.

एकदा खिचडीच्या खोलीमागून वाचण्याचा आवाज आला. अडखळत, पण वाचण्याचाच. मी चपला काढून हळूच गेले. जया भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पुस्तक, बोटाखाली माझीच रंगीत पट्टी, आणि समोर एक काळंपांढरं करडू. ते डोळे अर्धे मिटून, रवंथ करत ऐकत होतं.

"गाडी... माळावरून... निघाली," जया वाचत होती.

ती चुकली की करडू हसत नव्हतं. मध्येच दुरुस्त करत नव्हतं. 'आता पुन्हा वाच बरं' असं म्हणत नव्हतं. मी इतक्या प्रशिक्षणांत जे ऐकत आले ते सगळं त्या करडाला जन्मतःच येत होतं. मला त्याचा राग आला, अगदी मनापासून आला. मग मी तिथेच उकिडवी बसले आणि डोळे पुसले.

करडाचं नाव कबऱ्या. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत रीतसर यायला लागला. गर्जे सर म्हणाले, "मॅडम, शाळेत जनावर?"

"जनावर नाही सर, वाचनसोबती."

"हजेरी लावायची का मग त्याची?"

"लावा. तो इतरांपेक्षा नियमित येईल."

आणि आलाही. त्याने माझ्या कार्डांपैकी 'ज्ञ' खाल्लं, त्यामुळे 'ज्ञ' लागला की जया बरेच दिवस कबऱ्याच्या पोटाकडे बघायची. गर्जे सरांच्या टेबलावरचं एक परिपत्रकही त्याने संपवलं. सरांनी ते न वाचताच अमलात आलं असं मानलं. पण जयाचं वाचन पळायला लागलं. शब्दांवरून वाक्यांवर, वाक्यांवरून धड्यांवर. अट एकच, कबऱ्या समोर पाहिजे. तो असला की आजूबाजूला कोण आहे याचं तिला भान नसायचं.

एक गोष्ट मी त्या काळात पाहिली आणि तेव्हा तिला काही महत्त्व दिलं नाही. एकदा जया वाचत असताना वरची टाकी ओसंडली आणि गार पाण्याची धार थेट कबऱ्याच्या पाठीवर पडायला लागली. शेळीच्या जातीला पाण्याचं किती वावडं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. कान जयाकडे, डोळे अर्धे मिटलेले. जयाने धडा संपवून पुस्तक मिटलं, तेव्हा कुठे त्याने सगळं अंग असं काही झाडलं की मी आणि गर्जे सर भिजलो.

बघता बघता जया चौथीत गेली आणि करडाचा बोकड झाला. शिंगं आली, दाढी आली, आणि वास आला. बोकडाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं बरं चाललंय.

गेल्या सप्टेंबरात विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले. मुलांची प्रगती बघायची होती. जया आणि कबऱ्या समोरासमोर बसले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे?"

"साहाय्यक साधन, साहेब."

"शासनमान्य आहे?"

"घरून आणलेलं आहे. शासनावर बोजा नाही."

साहेबांनी जरा विचार केला आणि बरोबरच्या कारकुनाला सांगितलं, "लिहा, सजीव साधन, एक." मग ते जयाच्या मागे खुर्ची टाकून बसले. जयाने कबऱ्याकडे बघितलं, पुस्तक उघडलं आणि न अडखळता पूर्ण पान वाचलं. "वा! छान वाचते की मुलगी," साहेब मोठ्याने म्हणाले.

दारात जयाचे आजोबा, कारभारी आबा, उभे होते. कबऱ्यासाठी सुबाभळीचा पाला घेऊन ते रोज यायचे. त्यांच्या हातातला पाला खाली पडला. त्यांनी डोंगराकडे तोंड करून हात जोडले.

"म्हसोबा, ऐकलंस रं बाबा!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, नवस पावला. दुसरीत हिला पोरं हसली, तवा ही घरी येऊन धा दिस बोलली न्हाई. मी म्हसोबाला सांगून आल्तो, पोरगी वाचाया लागू दे, घरच्या दावनीचा बोकड देईन."

"कुठला बोकड?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला कळलं.

"घरी येकच तर हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी कबऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

जयाने पुस्तक मिटलं. तिचे ओठ मी वर्षभर बघितले होते तसे घट्ट झाले.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. जयाचा बाप अमृत अंगणात कोयत्याला धार लावत होता. आजी झुंबरबाईंनी चहा ठेवला. मी तयारी करून आले होते, पण माझी सगळी तयारी मुलांना समजावण्याची असते, देवाशी व्यवहार करणाऱ्यांची नाही.

"आबा, ती अजून नीट वाचत नाही," मी सुरुवात केली.

अमृतने कोयता थांबवला. "मंग सायेब तर छान म्हनले."

"फक्त बोकडासमोर वाचते. बोकड गेला की तिचं वाचन जाईल."

"आसं कसं जाईल?" आबा म्हणाले. "देवाला त्याचं पोचलं की उलट पक्कं हुईल."

"पर म्याडम, वाचत नसंल तर हिला हितं ठिवून करायचं काय?" अमृत म्हणाला. "आमी तर ठरवलं हुतं, वाचाया आलं तर आजीपाशी ऱ्हाईल, न्हाई आलं तर औंदा फडावर न्यायची. धाकट्याला तरी सांभाळंल."

"वाचते!" मी म्हणाले. "उत्तम वाचते."

"मंग बोकड," आबा म्हणाले.

"तेवढं नाही वाचत."

"मंग फड," अमृत म्हणाला.

"थोडंसं वाचते."

आबा गोंधळले. "आता देवाला थोडासा बोकड कसा देयाचा, म्याडम?"

चहा उकळेपर्यंत मी जयाला कितीदा साक्षर केलं आणि कितीदा निरक्षर केलं, ते मलाच मोजता येणार नाही. शेवटी अमृत वैतागला. "तुमचं ऱ्हाऊ द्या, म्याडम. तुमी घटकंला येक बोलताय. आता देवच सांगंल. दसरा झाला की जो मंगळवार येतो, त्या दिशी देवाम्होरं बोकड उभा करू. देवानं घेतला तर पोरगी वाचती, ती ऱ्हाईल. न्हाई घेतला तर वाचत न्हाई. बुधवारी ट्रक येनार, तिचं गठुडं त्यात टाकू."

म्हणजे कबऱ्या गेला तर जया राहणार, आणि कबऱ्या राहिला तर जया जाणार. मी आबांकडे बघितलं. हा माणूस दुष्ट असता तर मला भांडता आलं असतं. पण ते चहा बशीत ओतून आधी जयापुढे सरकवत होते. पुरा न केलेला नवस आपल्या नातीवर उलटेल या भीतीने ते मधूनमधून डोंगराकडे हात जोडत होते. जया कोपऱ्यात कबऱ्याच्या गळ्यात हात घालून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला स्वतःची भयंकर चीड आली. शिकवलं मी, आणि त्याची शिक्षा या दोघांना.

घरी जाताना मी आमच्या खडकमाळच्या रीतीचा विचार करत होते. नवसाचा बोकड धुऊन, हळदकुंकू लावून म्हसोबासमोर उभा करतात. मग पाठीवर तांब्याभर पाणी ओततात. बोकडाने अंग झाडलं की देवाने तो घेतला. दिवस मावळेपर्यंत झाडलं नाही, तर देवाने नाकारला. मग तो देवाचा म्हणून मोकळा सोडायचा, त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. असं कधी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, कारण पाठीवर गार पाणी पडल्यावर कुठलाही बोकड अंग झाडतोच. देवाचीही तशीच अपेक्षा असते. आणि तेव्हा मला शाळेच्या टाकीचं पाणी आठवलं. मी स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि एकटीच हसत बसले.

फडाचं मात्र काय करायचं, ते मला सुचलं नव्हतं. एवढंच वाटत होतं, की अमृतने आपल्या पोरीला वाचताना एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं. तो ऐकेल आणि काहीतरी होईल. काहीतरी होईल, एवढ्यावर मी शासनाची नोकरी करते, त्यामुळे मला त्यात नवीन काही नव्हतं.

मंगळवारी सगळी वस्ती म्हसोबापाशी जमली. बाया चुली मांडून बसल्या होत्या. मसाला वाटून झाला होता, भाकरीची चळत लागली होती. गर्जे सरांनी 'क्षेत्रभेट' म्हणून अख्खी शाळा आणली होती. सुरी घेऊन मुलाणीचाचा बाभळीखाली बसले होते. ते शेजारच्या गावाहून आले होते आणि त्यांना पुढे अजून दोन वस्त्यांवर जायचं होतं. भगत म्हणजे वैजनाथ, एरवी पिठाची गिरणी चालवणारा. त्याने कबऱ्याला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. कबऱ्याने माळेतली दोन फुलं खाल्ली. जया त्याच्याजवळ उभी होती, आणि रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

वैजनाथने तांब्या उचलला तशी मी पुढे झाले. "एक मिनिट. नवस कशाचा होता?"

"वाचन्याचा," आबा म्हणाले.

"मग देवासमोर आधी वाचून दाखवायला नको? काम बघितल्याशिवाय कुणी मोबदला घेतो का?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मुलाणीचाचा म्हणाले, "बाईंचं बराबर हाय. पर लवकर उरका." वैजनाथलाही ते पटलं. मी चौथीचं मराठीचं पुस्तक जयाच्या हातात दिलं आणि वाकून तिच्या कानात सांगितलं, "टाकीचं पाणी आठवतं का? तू थांबू नकोस. काही झालं तरी थांबू नकोस."

तिने गर्दीकडे बघितलं. एवढी माणसं, शाळेतली ती हसणारी पोरंही त्यात. तिचे ओठ मिटले. मग कबऱ्याने तिच्या हातातल्या पुस्तकाला नाक लावलं. जयाने डोळे पुसले, पट्टी ओळीखाली धरली आणि पहिला धडा सुरू केला.

वैजनाथने कबऱ्याच्या पाठीवर पाणी ओतलं. "घे देवा, मान्य कर!" सगळे ओरडले.

कबऱ्याने डोळे अर्धे मिटले आणि रवंथ सुरू केलं.

वैजनाथने दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा. कबऱ्याच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं आणि तो ऐकत होता. वैजनाथला घाम फुटला. "देवा, कुनाचं काय चुकलंमाकलं आसंल तर पदरात घे," तो म्हणाला. लगेच एकाने कबूल केलं की आपण येताना पायताण घालून ओटा चढलो. दुसऱ्याने सांगितलं की देवळाच्या वर्गणीच्या दिवशी आपण मुद्दाम नगरला गेलो होतो. बराच वेळ असे कबुलीजबाब चालले आणि वस्तीवरची दोन जुनी भांडणं त्यात मिटली, एक नवं लागलं. पण कबऱ्या हलला नाही.

"आरं, देव ऐकतोय!" वैजनाथ एकदम म्हणाला. "पोरगी वाचती ते देव ऐकतोय. त्याचं समाधान झालं की घील. कुनी हिला थांबवू नका."

मला हेच हवं होतं, पण इतकं फुकटात मिळेल असं वाटलं नव्हतं.

जया वाचत राहिली. उन्हं डोक्यावर आली, झुंबरबाईंनी तिच्यावर छत्री धरली. गद्य संपलं, कविता संपल्या. तिने धड्याखालचे प्रश्न वाचले, मोकळ्या जागा भरा वाचलं, मलपृष्ठावरचा पत्ता वाचला. पुस्तक संपलं तसा कबऱ्याचा एक डोळा उघडला.

"दुसरं काय तरी आना!" वैजनाथ ओरडला. "देव ताटकळलाय!"

मग खडकमाळ वस्तीवर अशी पळापळ सुरू झाली की ज्याचं नाव ते. ज्याच्या घरात जे लिहिलेलं होतं ते तो घेऊन आला. जयाने लग्नपत्रिका वाचल्या, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' सकट. खताची गोणी वाचली. मसाल्याच्या पुडीवर काय काय घातलंय ते वाचलं, तेव्हा बायांनी वाटलेल्या मसाल्याशी ताडून बघितलं. तंबाखूच्या पुडीवरचा इशारा ती मोठ्याने वाचत होती, तेव्हा बऱ्याच लोकांनी तोंडं दुसरीकडे वळवून थुंकून घेतलं. कुणीतरी टेम्पोच उलटा मागे घेत आणला आणि तिने त्याची पाठ वाचली.

मग चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स सोडून आणला. त्यात शुभेच्छुकांची नावं मुंग्यांएवढी. जया एकेक नाव वाचायला लागली तसा तो तो माणूस उठून उभा राहायला लागला. "परत वाच की," एकजण म्हणाला. तिने परत वाचलं. ज्यांचं नाव फ्लेक्सवर नव्हतं ते नाराज झाले, तेव्हा गर्जे सरांनी शाळेचं हजेरीपत्रक आणलं आणि पोरांची नावं सुरू झाली. दुसरीत तिला हसलेली पोरं आपलं नाव कधी येतं याची वाट बघत गप्प बसली होती. यादीत शेवटी कबऱ्याचंही नाव होतं. सरांनी खरंच हजेरी लावली होती.

चुली विझल्या. पोरं भुकेने कावली तेव्हा बायांनी नुसत्या मसाल्याचा रस्सा केला आणि भाकरीबरोबर वाढला. मुलाणीचाचांनीही खाल्ला. त्यांनी पुढच्या दोन वस्त्यांना फोन करून सांगितलं, "आज जमनार न्हाई. हितं देवाचं वाचन चालू हाय."

अमृत मात्र जेवला नाही. सकाळी तो गर्दीच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. दुपारी तो पुढे येऊन बसला. जयाचा घसा बसला तेव्हा त्याने तिला पाण्याचा पेला दिला, आणि एका घोटापुरतं वाचन थांबलं तर कबऱ्याच्या कातडीवरून एक शहारा गेला. अमृतने तो पाहिला. त्याने कबऱ्याकडे बघितलं, जयाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. मला वाटलं, आता हा उठणार आणि सगळं सांगून टाकणार. अमृत उठला. त्याने खिशातून मोबाईल काढला, ऊसतोडीच्या टोळीचा ग्रुप उघडला आणि जयापुढे धरला.

"ह्ये वाच," तो म्हणाला. "वर्साचं हाय. सावकाश वाच."

जया वाचत राहिली. गुड मॉर्निंग, शुभ सकाळ, सरपणाची व्यवस्था, ट्रक कुठल्या फाट्यावर थांबणार, कुणाच्या बैलाला बरं नाही. अमृतचं बोट स्क्रीन सरकवत होतं आणि त्याचे डोळे भरून येत होते. दोघं शेजारी बसून एकच गोष्ट बघतायत, असं मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

मोबाईलची बॅटरी संपली तेव्हा सूर्य डोंगराच्या वर वीतभर उरला होता. आता वस्तीवर एकही न वाचलेलं अक्षर नव्हतं. वैजनाथने ओट्यावर नजर फिरवली, गर्जे सरांनी सदऱ्याची कॉलर उलटी करून शिंप्याचं नाव दाखवलं. जयाने ते वाचलं. मग तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. घसा पार बसला होता. तिने माझ्याकडे बघितलं.

कबऱ्याने दोन्ही डोळे उघडले. त्याने इकडे तिकडे पाहिलं, पाय रोवले आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं अंग असं झाडलं की पुढच्या रांगेतली माणसं भिजली.

मुलाणीचाचा सुरी हातात घेऊन जड अंगाने उठले. जयाने कबऱ्याच्या मानेला मिठी मारली. सगळी वस्ती कारभारी आबांकडे बघायला लागली. नवस त्यांचा होता, शब्द त्यांचा.

आबा ओट्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. सूर्य समोर होता, त्यांच्या सगळ्या तोंडावर केशरी ऊन पडलं होतं आणि डोळे दिपत होते म्हणून त्यांनी कपाळावर आडवा हात धरला होता. मग त्यांनी तो हात खाली घेतला.

"दिस तर मावळला की," आबा म्हणाले.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते उन्हामुळे की कशामुळे, कोण विचारणार.

"कवाच मावळला," ते पुन्हा म्हणाले. "बोकडानं अंग झाडलं, पर ते दिस मावळल्यावर. देवानं काय घेतला न्हाई त्याला."

मुलाणीचाचांनी सूर्याकडे बघितलं. मग सुरी कापडात गुंडाळली. "व्हय, आबा. मला बी दिसंना झालंय. अंधारात मी सुरी चालवत नसतो."

"लई अंधार झाला," वैजनाथ म्हणाला आणि त्याने म्हसोबापुढे दिवा लावला.

झुंबरबाईंनी लगोलग पदर खोचला. "चला गं बायांनो, रातीचं पोरं ठेचकाळतील." कुणीतरी बॅटरी लावली. मग दुसऱ्याने लावली. गर्जे सरांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि "रांगेत चला, एकमेकांचा हात धरा" म्हणून पोरांना बजावलं. ढळढळीत उन्हात सगळी खडकमाळ वस्ती टॉर्च लावून, एकमेकांना खड्डे दाखवत घराकडे निघाली. माणसांच्या लांबच लांब सावल्या पडल्या होत्या आणि प्रत्येक जण आपापली सावली चुकवून चालत होता.

अमृतने जयाला उचलून खांद्यावर घेतलं. चौथीतली पोर, तिचे पाय त्याच्या कमरेपर्यंत लोंबत होते. कबऱ्या मागोमाग, मोकळा, गळ्यातली माळ खात. झुंबरबाईंजवळ आल्यावर अमृत थांबला.

"आये, घरी गेल्यावर पयल्यांदा हिचे कपडे गठुड्यातून काढ," तो म्हणाला. "आन म्याडम, आता आमी फडावरनं तुमच्या मोबाईलवर काय टाकलं तर ही वाचंल ना?"

मी मान हलवली.

वस्ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथे उभी राहिले. मग स्कूटी सुरू केली आणि दिव्याचं बटण दाबलं. एरवी दहादा दाबल्यावर लागणारा दिवा पहिल्या दाबाला लागला. पाथर्डीच्या रस्त्याला लागल्यावर ऊन इतकं लख्ख होतं की समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने हाताचा पंजा उघडझाप करून खूण केली, दिवा चालू राहिलाय म्हणून.

मी त्याला हात केला आणि दिवा तसाच ठेवला.